विश्लेषण : स्वतःचे छोटे विमान... घेणे सोपे, पण उडते ठेवणे अवघड का?

अमेरिकेत मध्यमवर्गातील अनेक जण घराजवळच्या लहान विमानतळावर स्वतःचे चार आसनी विमान ठेवतात आणि सुट्टीच्या दिवशी ते उडवतात. जुने विमान तेथे चांगल्या मोटारीच्या किमतीत मिळू शकते. तरीही विमान घेतलेल्यांपैकी अनेकांना ते नियमित उडवणे जमत नाही, आणि खर्च व धोका दोन्ही तेथूनच वाढू लागतात. एक इंजिनाच्या खासगी विमानाचे अर्थकारण काय, जमिनीवर उभे असलेले विमान का बिघडते, अपघात कशामुळे होतात आणि भारतात हा छंद का रुजला नाही, याचा आढावा.

छोटे एक इंजिनी विमान म्हणजे काय?

या गटातील सर्वात परिचित विमान म्हणजे ‘सेस्ना १७२’. त्याचे उत्पादन १९५६ मध्ये सुरू झाले आणि आतापर्यंत ४४ हजारांहून अधिक विमाने तयार झाली. इतक्या संख्येने दुसरे कोणतेही विमान बनलेले नाही. भारतासह अनेक देशांतील वैमानिक पहिले उड्डाण याच विमानात शिकतात. पंख वर, चाके खाली पक्की बसवलेली, पुढे एक पंखा आणि आत चार आसने अशी त्याची रचना असते. अलीकडच्या ‘१७२ एस’ प्रकारात १८० अश्वशक्तीचे, हवेने थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन असते. वेग ताशी सुमारे २२० किलोमीटर आणि इंधनाचा वापर तासाला साधारण ३४ लिटर.

आसने चार असली तरी चौघे नेहमी बसू शकतात असे नाही. विमानाच्या कमाल वजनातून रिकाम्या विमानाचे वजन वजा केले की माणसे, सामान आणि इंधन यांसाठी साधारण ४०० किलो उरतात. टाक्या पूर्ण भरल्या तर इंधनच सुमारे १४५ किलो होते. उरलेल्या २५५ किलोत तीन प्रौढ आणि थोडे सामान बसते. चौथा माणूस घ्यायचा तर इंधन कमी भरावे लागते आणि वाटेत उतरावे लागते. त्यामुळे प्रत्येक उड्डाणाआधी वजनाचा हिशेब करणे ही वैमानिकाची पहिली जबाबदारी असते.

चाळीस-पन्नास वर्षांची विमाने अजून का उडतात?

अमेरिकेत १९७८ मध्ये सुमारे १८ हजार छोटी विमाने तयार झाली. १९९४ पर्यंत हा आकडा एक हजाराच्याही खाली आला. मंदी आणि वाढते व्याजदर ही काही कारणे होती, पण मोठे कारण होते न्यायालयीन दाव्यांचे. वीस-तीस वर्षांपूर्वी बनवलेले विमान कोसळले तरी उत्पादकावर नुकसानभरपाईचा दावा होत असे. विम्याचा खर्च विमानाच्या किमतीत मिळवावा लागे. सेस्नाने १९८६ मध्ये आपल्या छोट्या विमानांचे उत्पादनच थांबवले. अखेर १९९४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून उत्पादकाच्या उत्तरदायित्वाला १८ वर्षांची मर्यादा घातली. त्यानंतर १९९६ मध्ये ‘१७२’चे उत्पादन पुन्हा सुरू झाले. मात्र नव्या विमानाची किंमत आता चार लाख डॉलरहून अधिक आहे. साहजिकच बहुतेक खासगी मालक सत्तरच्या दशकातील विमान घेतात.

विमानाचे वय हा त्यात मुख्य मुद्दा नसतो. दर १२ महिन्यांनी वार्षिक तपासणी सक्तीची असते. इंजिनाची झाकणे, आतील फरशी, आसने काढून सांगाडा, नियंत्रणाच्या तारा, चाके, ब्रेक सारे पाहिले जाते. सिलिंडरमधील दाब मोजला जातो. एखाद्या भागातील दोष जगात कोठेही लक्षात आला आणि नियामकाने आदेश काढला, तर त्या प्रकारच्या प्रत्येक विमानात ती दुरुस्ती करावीच लागते. या सर्व कामांची नोंद लॉगबुकात होते. म्हणून जुने विमान घेताना जाणकार ग्राहक रंगरंगोटीआधी लॉगबुक वाचतो. नोंदी हरवलेल्या असतील तर विमानाची किंमत लक्षणीय घसरते. गेल्या काही वर्षांत विमान किती तास उडाले हाही आकडा तो पाहतो. कमी उडालेले विमान चांगले, हा मोटारीचा न्याय येथे चालत नाही.

खर्च नेमका कशाचा होतो?

खर्चाचे दोन भाग पडतात. विमान उडो वा न उडो, हँगरचे भाडे, विमा आणि वार्षिक तपासणी यांचे पैसे द्यावेच लागतात. उडवल्यावर इंधन, तेल आणि इंजिनाची झीज यांचा खर्च येतो. ‘१७२ एस’च्या इंजिनाची संपूर्ण उघडून दुरुस्ती उत्पादकाच्या शिफारशीनुसार २००० तासांनी किंवा १२ वर्षांनी करायची असते. खासगी मालकाला अमेरिकेत ही मुदत कायद्याने बांधून टाकत नाही, पण कधी ना कधी तो खर्च येतोच. म्हणून शहाणा मालक दर तासामागे त्यासाठी पैसे बाजूला काढतो.

एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. समजा हँगरचे भाडे महिन्याला ३०० डॉलर, विमा वर्षाला १४०० आणि वार्षिक तपासणीचे २००० डॉलर. म्हणजे स्थिर खर्च वर्षाला ७००० डॉलर. तासाला ९ गॅलन इंधन, गॅलनला ६ डॉलर धरले तर ५४ डॉलर. इंजिनाच्या दुरुस्तीसाठी ४० हजार डॉलर लागतील असे धरून तासाला २० डॉलर बाजूला काढायचे. म्हणजे चालू खर्च साधारण ७५ डॉलर. वर्षाला ३० तास उडणाऱ्याला प्रत्येक तास सुमारे ३०८ डॉलरला पडतो. १०० तास उडणाऱ्याला तोच तास १४५ डॉलरला पडतो. वर्षाला तीसच तास उडायचे असेल, तर फ्लाइंग क्लबचे विमान भाड्याने घेणे स्वस्त ठरण्याची शक्यता मोठी. यात अचानक निघणारी मोठी दुरुस्ती धरलेली नाही, हेही लक्षात घ्यावे लागेल.

उभे असलेले विमान का बिघडते?

दारात दोन महिने उभ्या असलेल्या मोटारीची बॅटरी उतरते. विमानाचे नुकसान याहून खोलवर होते आणि बाहेरून दिसत नाही. इंजिन चालते तेव्हा आतील धातूच्या भागांवर तेलाचा पातळ थर राहतो. अनेक छोट्या विमानांमधील लायकमिंग बनावटीच्या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान उभे राहिले की तेल हळूहळू खाली ओघळते, कॅमशाफ्ट कोरडा पडतो, हवेतील दमटपणाने त्यावर गंजाचे ठिपके उमटतात. पुढे इंजिन सुरू झाल्यावर तो खडबडीत पृष्ठभाग दुसऱ्या भागाला घासू लागतो आणि धातूचे कण तेलात उतरतात. दोन हजार तास चालायला हवे असे इंजिन त्याच्या निम्मेही तास न चालता उघडावे लागते.

केवळ जमिनीवर दहा मिनिटे इंजिन सुरू ठेवल्यानेही काम भागत नाही. ज्वलनातून तयार झालेले पाणी तेलात मिसळते. तेल पुरेसे तापून हे पाणी उडून जायचे, तर विमान प्रत्यक्ष अर्धा-पाऊण तास उडवावे लागते. जमिनीवर उभ्याने इंजिन चालवण्यात उलट पाण्याची भरच पडते. शिवाय रबरी सील कडक होतात, टाकीत पाणी साचते, पक्षी इंजिनाच्या झाकणात घरटे करतात, आणि हवेचा दाब मोजून वेग सांगणाऱ्या बारीक नळीत कीटक माती भरतात. म्हणूनच उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून तपासणी करण्याचा आणि टाकीच्या तळातून थोडे इंधन काढून त्यात पाणी आहे का ते पाहण्याचा नियम असतो.

वैमानिकही ‘गंजतो’ का?

हा प्रश्न अधिक गंभीर आहे. प्रवासी विमान कंपन्यांच्या वैमानिकांची ठरावीक मुदतीने सिम्युलेटरवर कसून परीक्षा होते, शेजारी दुसरा वैमानिक असतो, आणि हवामान, इंधन, दुरुस्ती पाहणारी स्वतंत्र माणसे असतात. खासगी मालकाच्या विमानात या सगळ्या भूमिका एकाच माणसाकडे येतात. तोच दिवसभर दवाखाना, दुकान किंवा कार्यालय सांभाळत असतो.

अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण लागते. प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून बरेच जास्त तास लागतात. नंतर दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकासोबत उजळणी करावी लागते. प्रवासी सोबत घ्यायचा असेल तर मागील ९० दिवसांत तीन वेळा विमान उडवून उतरवलेले असणे आवश्यक असते. पण हे किमान नियम आहेत. कागदोपत्री पात्र असलेला माणूस आडव्या वाऱ्यात विमान उतरवण्यास तयार असेलच असे नाही. विमा कंपन्यांनाही हे ठाऊक असते. त्यामुळे वैमानिकाचा अनुभव, आणि त्यातही त्या प्रकारच्या विमानावरील अनुभव पाहून त्या हप्ता ठरवतात.

एकच इंजिन बंद पडले तर?

सर्वसामान्यांच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो. इंजिन बंद पडले म्हणून विमान दगडासारखे खाली येत नाही. ‘१७२’ शांत हवेत प्रत्येक एक किलोमीटर उंचीमागे सुमारे नऊ किलोमीटर पुढे तरंगत जाते. म्हणजे जमिनीपासून दीड किलोमीटर उंचीवर असेल तर वैमानिकाला साधारण १३ किलोमीटरच्या परिघात शेत, माळरान किंवा धावपट्टी शोधता येते. उतरताना वेग ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असल्याने सपाट जागा मिळाली तर वाचण्याची शक्यता चांगली असते. इंजिनातही खबरदारी घेतलेली असते. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि त्यांना वीज देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. बॅटरी पूर्ण उतरली तरी इंजिन चालू राहते.

इंजिन बंद पडण्यामागेही अनेकदा यंत्राचा दोष नसतो. इंधन संपणे, चुकीच्या टाकीवर कळ राहणे, इंधनात पाणी असणे ही कारणे पुन्हा पुन्हा आढळतात. जुन्या विमानांच्या कार्बोरेटरमध्ये बर्फ साचतो. पंचवीस अंश सेल्सिअसच्या दमट हवेतही हे घडते, कारण कार्बोरेटरमध्ये इंधनाची वाफ होताना तापमान झपाट्याने उतरते. त्यासाठी गरम हवेची कळ दिलेली असते, पण ती वेळेवर ओढण्याचे भान सरावातूनच येते. काही उत्पादकांनी वेगळा मार्ग काढला. अमेरिकेतील सिरस कंपनीच्या विमानात संपूर्ण विमानच खाली उतरवणारे पॅराशूट कारखान्यातूनच बसवलेले असते.

मग प्राणघातक अपघात कशामुळे होतात?

अमेरिकेत छोट्या विमानांसह सर्वसाधारण हवाई क्षेत्रात अलीकडच्या वर्षांत दर एक लाख उड्डाण तासांमागे साधारण एक प्राणघातक अपघात होतो. नियमित प्रवासी सेवेच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी अधिक आहे. कमी वेगात विमानावरील ताबा सुटणे आणि उघड्या डोळ्यांनी उडण्याचाच परवाना असताना ढगात किंवा धुक्यात शिरणे, ही त्यातील प्रमुख कारणे.

ढगात शिरल्यावर क्षितिज दिसेनासे होते. कानातील तोल सांभाळणारी रचना हळूहळू होणारे वळण ओळखू शकत नाही. विमान एका बाजूला कलंडत असताना आपण सरळ जात आहोत असे वैमानिकाला ठामपणे वाटते. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना अशा कृत्रिम परिस्थितीत उडवून पाहण्यात आले. सर्वांचा ताबा सुटला. त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद.

१६ जुलै १९९९ रोजी अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन केनेडी कनिष्ठ स्वतःच्या एक इंजिनी पायपर साराटोगा विमानातून पत्नी आणि मेहुणीसह मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले होते. रात्र, समुद्र आणि धूसर हवा. विमान समुद्रात कोसळले आणि तिघांचाही मृत्यू झाला. तपास यंत्रणेने दिशाभ्रमातून ताबा सुटल्याचा निष्कर्ष काढला. त्यांच्याकडे केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचा परवाना नव्हता. कुटुंबातील लग्नासाठी ते निघाले होते. ‘आज पोहोचायलाच हवे’ हा दबाव किती घातक असतो, हे शिकवताना आजही या अपघाताचा दाखला दिला जातो. व्यावसायिक कंपनीत उड्डाण रद्द करण्यासाठी यंत्रणा असते. येथे मालकाला स्वतःच स्वतःला ‘नाही’ म्हणावे लागते.

शिसेयुक्त इंधनाचा वाद काय आहे?

मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे भारतात २००० साली हद्दपार झाले, अमेरिकेत त्याआधीच. छोट्या विमानांच्या ‘१०० एलएल’ या निळसर इंधनात मात्र ते अजूनही असते. इंजिनातील घातक ‘नॉकिंग’ टाळण्यासाठी ते मिसळले जाते. अमेरिकेच्या हवेत शिसे सोडणारा सर्वात मोठा स्रोत आता हीच विमाने आहेत. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होत असल्याने विमानतळांजवळच्या वस्त्यांतून तक्रारी वाढल्या. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीने आपल्या विमानतळांवर जानेवारी २०२२ पासून या इंधनाची विक्री थांबवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेने या शिशापासून सार्वजनिक आरोग्याला धोका असल्याचा औपचारिक निष्कर्ष काढला. २०३० च्या अखेरपर्यंत शिसेमुक्त इंधनाकडे वळण्याचे तेथील हवाई क्षेत्राचे उद्दिष्ट आहे. जुन्या विमानाच्या मालकाला त्यामुळे नव्या इंधनाची किंमत आणि आपल्या इंजिनाला ते चालते का, या दोन्हींकडे लक्ष ठेवावे लागणार आहे.

भारतात हे चित्र का दिसत नाही?

सुरुवात आपल्याकडेही खासगी छंदातूनच झाली होती. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी एक इंजिनाच्या ‘पस मॉथ’ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले. १९८२ मध्ये वयाच्या ७८व्या वर्षी ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून त्यांनी हा प्रवास पुन्हा केला. १९२८ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लबही याच काळातला.

आज खासगी परवान्याची अट आपल्याकडेही अवघड नाही. वय १७ पूर्ण, दहावी उत्तीर्ण, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचे उड्डाण. अडचण त्यानंतर सुरू होते. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत. स्वच्छ हवामानात तेथील बहुतांश आकाशात उड्डाण आराखडा दाखल न करताही जाता येते. भारतात आराखडा दाखल करून हवाई संरक्षण यंत्रणेचा परवानगी क्रमांक घ्यावा लागतो. दृष्टीच्या आधारे होणारे उड्डाण सूर्यास्तानंतर २० मिनिटांच्या आत संपवावे लागते. पावसाळ्याचे महिने तर मोठ्या प्रमाणात वाया जातात. म्हणजे वर्षाला शंभर तास उडण्याची इच्छा असली तरी ती पूर्ण होणे कठीण.

इंधनाचाही प्रश्न आहे. मोठ्या विमानांचे इंधन या इंजिनांना चालत नाही. ‘१०० एलएल’ आपण आयातच करत होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याजवळच्या कोयली शुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले हे इंधन बाजारात आणले. तरीही त्याची मागणी मुख्यतः प्रशिक्षण संस्थांपुरतीच आहे. सप्टेंबर २०२५ पासून खासगी वापराच्या विमानावर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. अशा विमानातून भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत, त्यामुळे उत्पन्नाचाही मार्ग नाही. स्वतः विमान बनवणाऱ्यांची वाट तर आणखी लांबची. मुंबईतील वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी एक इंजिनी विमान तयार केले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते झळकले, पण नोंदणीसाठी त्यांना २०१७ च्या अखेरपर्यंत थांबावे लागले.

हौशी वैमानिकापुढे पर्याय कोणता?

अमेरिकेत एका विमानाचे तीन-चार मालक असणे सर्रास आढळते. स्थिर खर्च वाटला जातो, विमान आठवड्यातून दोन-तीनदा उडते, इंजिन टिकते आणि एकमेकांच्या उड्डाणांवर लक्षही राहते. वर आपण पाहिलेला ७००० डॉलरचा स्थिर खर्च चौघांत वाटला, तर प्रत्येकी १७५० येतो. त्याच हिशेबाने वर्षाला ३० तासच उडणाऱ्याचा तास ३०८ ऐवजी १३५ डॉलरच्या आसपास येतो. देखभालीचा निर्णय कोणाचा, उधारी किती दिवस चालणार, एखाद्याला बाहेर पडायचे असेल तर काय, हे लेखी करारात आधीच ठरवलेले असले म्हणजे मैत्रीही टिकते.

भारतात धुळे, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांचा भर व्यावसायिक वैमानिक घडवण्यावर आहे. हौशी वैमानिकाला तासाच्या दराने विमान मिळणारे क्लब वाढले, तर स्वतःचे विमान न घेताही सराव टिकवता येईल. विमानाचे स्वप्न पाहणाऱ्याने त्यामुळे विकत घेण्याची किंमत विचारण्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : मला दर आठवड्याला, निदान पंधरा दिवसांनी ते खरोखर उडवता येणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर भाड्याचे विमान आणि शेजारी बसलेला प्रशिक्षक हाच खिशाला आणि जिवाला परवडणारा मार्ग ठरतो.